डोंगरवाटेची धाव

श्रोतेहो, डोंगरावर धावण्याची शर्यत म्हटली, की मावळातल्या जुन्या माणसांना आधी हसू येते. ते म्हणतात, "डोंगर चढायचा तो सरपणासाठी, गुरांच्या मागे, नाहीतर देवाला. उगीच धावत वर जायचं आणि धावत खाली यायचं, हे दुखणं कुणी विकत घ्यावं?" प्रश्न रास्त आहे. आणि गंमत अशी, की हे दुखणे लोक खरोखरच विकत घेतात. प्रवेशाची फी भरतात, पहाटे उठतात, आणि शर्यत संपली की मोठ्या आनंदाने लंगडत घरी जातात.

पुण्याच्या आसपास गेल्या काही वर्षांत हा छंद चांगलाच वाढला आहे. रविवारी उजाडायच्या आत सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीत जाऊन उभे राहावे. शहरातून आलेली तरुण मुले, चाळिशी-पन्नाशीतले गृहस्थ, बायका, मुली, सगळी गडाच्या वाटेला लागलेली दिसतील. कुणी कात्रजच्या घाटापासून सिंहगडापर्यंत गेलेल्या डोंगररांगेवरच्या तेरा टेकड्या ओलांडून येतात. ज्यांना इतक्या लांब जाणे जमत नाही ते शहरातल्या शहरात वेताळ टेकडीला फेरी मारतात. सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तिन्ही किल्ले जोडणारी लांब पल्ल्याची शर्यतसुद्धा होते. पुष्कळदा ही धाव फेऱ्याची असते. एका जागेहून निघायचे, डोंगराला वळसा घालायचा आणि पुन्हा त्याच जागी यायचे. आपल्याकडे याला प्रदक्षिणा म्हणतात. फरक इतकाच, की प्रदक्षिणेला घाई नसते.

या डोंगरधावेविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्यात मुख्य गोष्ट एकच. ही विद्या पायांत थोडी आणि डोंगराच्या ओळखीत फार असते. आणि ती ओळख ज्यांच्यापाशी आहे ती माणसे म्हणजे तुम्हीच, डोंगराच्या कुशीत राहणारे लोक. आपल्यापाशी अशी काही विद्या आहे, हेच मुळी आपल्याला ठाऊक नसते. ते ठाऊक व्हावे, आणि विशेषतः खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांच्या ध्यानात यावे, म्हणून हे चार शब्द.

आधी थोडे मागे जाऊ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना 1906 साली झाली. 1919 च्या सुमारास तिथे शर्यती भरल्या होत्या आणि सर दोराबजी टाटा त्या पाहत होते. धावणारे बहुतेक सगळे शेतकरी होते आणि अनवाणी धावत होते. ना कुणी त्यांना शिकवलेले, ना पायांत बूट. पण त्यांना लागलेला वेळ पाहून टाटांना नवल वाटले. युरोपातल्या तयारीच्या धावपटूंच्या पंक्तीला ही माणसे सहज बसतील, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढच्याच वर्षी, 1920 साली, बेल्जममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतातून चार धावपटू आणि दोन पैलवान गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या साली मॅरेथॉनचे अंतर नेहमीपेक्षा थोडे जास्त, 42 किलोमीटर 750 मीटर होते. ते चौगुल्यांनी 2 तास 50 मिनिटांच्या आसपास पुरे केले आणि त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेनला 2 तास 32 मिनिटे लागली होती. म्हणजे आपला देश ऑलिंपिकला गेला, त्याचे मूळ पुण्याच्या मैदानावर धावलेल्या अनवाणी शेतकऱ्यांच्या पायांत आहे. ही गोष्ट शाळेत मुलांना सांगण्याजोगी आहे.

आता डोंगराकडे वळू. सपाट रस्त्यावरचे धावणे आणि डोंगरावरचे धावणे यांत नात्याने चुलतभाऊ म्हणावे इतकेच साम्य आहे. याचे कारण आपल्या खडकात आहे. सह्याद्री लाव्हारसाचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा रस वर आला आणि एकावर एक थर साचत गेले. एक थर टणक, तर दुसरा ठिसूळ. ठिसूळ थर झिजून त्याचा उतार झाला, टणक थराचा उभा कडा राहिला. म्हणून आपला डोंगर लांबून पाहिला तर जिन्यासारखा दिसतो. भूगोलाच्या पुस्तकात या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या नावावरून आलेला आहे.

या जिन्याने धावणाऱ्याचा सगळा हिशेब बदलतो. कड्याला वाट सरळ भिडू शकत नाही. ती पदराने आडवी जाते, एखादी सोंड किंवा नाळ गाठते आणि तिथून वर चढते. पायाखाली एकदा कातळ, एकदा मुरूम, एकदा वाळके गवत. कातळावर मुरमाचे खडे पसरले असले, की त्यावर पाय टाकणे म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर पाय टाकण्यासारखे. यालाच आपण घसारा म्हणतो. उन्हाळ्यात गवत वाळते, झरे आटतात, काळा कातळ सकाळपासून ऊन पिऊ लागतो आणि दुपारी तीच धग उलटी आपल्या अंगावर टाकतो. पावसाळ्यात हिरवीगार दिसणारी हीच वाट एप्रिल-मे महिन्यांत ओसाड वाळवंटातल्या डोंगरासारखी होते.

मग यावर धावायचे कसे? उत्तर ऐकून तुम्हांला पुन्हा हसू येईल. चढावर धावायचेच नाही. मुरलेले धावपटू उभ्या चढावर चालतात. लहान पावले टाकतात, गुडघ्यावर हाताचा रेटा देतात आणि श्वास मोडू देत नाहीत. सिंहगडावर दह्याची मडकी घेऊन चढणारी मावशी नेमकी अशीच चालते. ती मध्येच धावत नाही, मध्येच बसत नाही, आणि धापा टाकीत पुढे गेलेला शहरातला तरुण तिला तिसऱ्या वळणावर दगडावर बसलेला सापडतो.

खरी परीक्षा उतारावर असते. चढताना दम लागतो तो छातीला, पण उतरताना मार बसतो तो मांडीला आणि गुडघ्याला. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार झेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माणसाला देव आठवतो. उतारावर लांब ढांग टाकू नये. पावले लहान आणि भरभर असावीत, गुडघा किंचित वाकलेला असावा, आणि नजर पायाच्या अंगठ्यावर न ठेवता तीन-चार पावले पुढे ठेवावी. कुठला दगड हलणारा आणि कुठला रुतलेला, हे गुराख्याच्या पोराला दुरून कळते. कसे कळते, ते त्याला विचारले तर सांगता येत नाही. पण कळते.

डोंगरात वेळेचा अंदाज कसा बांधावा, यासाठी स्कॉटलंडमधल्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने 1892 साली एक सोपा ठोकताळा दिला. सपाटीच्या दर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास मिळवा. समजा वाट दहा किलोमीटरची आहे आणि चढ सहाशे मीटरचा आहे. सिंहगडाचा चढ साधारण इतकाच भरतो. तर दोन अधिक एक, असे तीन तास झाले. धावणारा याहून लवकर येईल, लहान मुले आणि दमलेली माणसे उशिरा येतील. पण निघण्यापूर्वी हा हिशेब प्रत्येकाने मनाशी मांडला पाहिजे. शिक्षकांना गणिताच्या तासालाही याचा उपयोग होईल. मुले हौसेने गणित सोडवतील, कारण उत्तरात त्यांचीच टेकडी असेल.

फेऱ्याच्या वाटेची एक खोच आहे. जाऊन-येऊन असलेल्या वाटेवर जितके गेलो तितके परतायचे, हे माणसाला आपोआप कळते. फेऱ्यात तसे होत नाही. आतकरवाडीहून सिंहगडावर चढलो, कल्याण दरवाजाने कल्याण गावाच्या बाजूला उतरलो, की मध्ये अख्खा गड उभा राहतो. मागे फिरावे तर पुन्हा गड चढायचा, पुढे जावे तर त्याला वळसा घालून यायचे. अर्धी वाट झाली, की जवळचा रस्ता असा राहातच नाही. म्हणून फेऱ्याचा निर्णय अर्ध्यावर घेऊन चालत नाही. तो अर्ध्याच्या आधी घ्यावा लागतो. पाणी किती उरले, ऊन किती चढले, सोबतीचा कुणी अडखळतो आहे का, हे तीन प्रश्न माथ्यावर पोचण्यापूर्वी विचारायचे. एकाचेही उत्तर मनासारखे नसेल, तर आल्या वाटेने उतरायचे. यात कमीपणा नाही. गड कुठे जात नाही, तो पुढच्या रविवारी तिथेच असतो.

उन्हाची गोष्ट जरा स्पष्टच सांगितली पाहिजे. धावताना अन्नातून मिळणाऱ्या शक्तीचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. घाम वाळतो तेव्हा ती उष्णता अंगातून निघून जाते. घामाला पाणी आणि मीठ लागते, ते सरले की अंग तापू लागते. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे, ही पहिली सूचना. माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, आणि कुणाला तरी डॉक्टरकडे पिटाळावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. नुसता थकवा असेल आणि माणूस सावध असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे. चमचा चहाचा.

पण डोंगर फक्त उन्हाने मारत नाही. याचा मोठा दाखला चीनमधला आहे. 22 मे 2021 रोजी गान्सू प्रांतात, पिवळ्या नदीच्या काठच्या रुक्ष, खडकाळ डोंगरात शंभर किलोमीटरची शर्यत होती. 172 धावपटू सकाळी निघाले. बहुतेकांच्या अंगावर अर्धी चड्डी आणि पातळ बंडी. धावायला तेवढे पुरे, असा हिशेब. दुपारच्या सुमाराला ते सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या उघड्या चढावर होते, आणि तिथे आभाळ फिरले. गारा, बर्फासारखा थंड पाऊस आणि सोसाट्याचा वारा. त्या टप्प्यावर गाडी पोचत नव्हती, आडोसा नव्हता. ओल्या अंगाला वारा लागला, की उष्णता भराभर निघून जाते. हात आखडतात, मग बुद्धी आखडते, मग माणूस बसतो आणि उठत नाही. त्या दिवशी 21 जण गेले. त्यांत त्या देशातले नावाजलेले धावपटूही होते. पायांत त्यांच्याइतके बळ तिथे कुणाच्याच नव्हते.

आणि त्याच डोंगरात त्याच वेळी एक मेंढपाळ होता. तो मेंढरे चारायला आला होता. पाऊस आला तसा तो एका गुहेत शिरला. त्या गुहेत त्याने कपडे आणि खाण्यापिण्याचे सामान आधीच ठेवून दिलेले होते. बाहेर एक धावपटू थिजून उभा असलेला त्याला दिसला. त्याला त्याने आत आणले, आखडलेले हातपाय चोळले, जाळ केला, पांघरूण दिले. मग आणखी माणसे आली, बाहेर पडलेल्याला आत ओढून आणले. अशा सहा माणसांचे प्राण त्या मेंढपाळाने वाचवले.

श्रोतेहो, या गोष्टीवर थोडे थांबून विचार करावा. शर्यतीपाशी घड्याळे होती, नकाशे होते, तयारी केलेले स्पर्धक होते. मेंढपाळापाशी काय होते? हा डोंगर मे महिन्यातसुद्धा गारठवू शकतो, ही जाणीव होती. म्हणून त्याने गुहेत कपडे ठेवले होते. आपला धनगर उन्हाळ्याच्या ऐन काहिलीतही खांद्यावर घोंगडी टाकून निघतो, तेव्हा शहरातला पाहुणा त्याला विचारतो, "बाबा, एवढ्या उन्हात हे ओझं कशाला?" त्याचे उत्तर गान्सूच्या डोंगराने दिलेले आहे. आपल्याकडेही वळवाचा पाऊस असाच येतो. सकाळी लाही लाही होत असते आणि दुपारी चार वाजता गारा पडतात, वीज कोसळते. ढग काळवंडले की उघड्या धारेवरून आणि एकट्या झाडाखालून दूर व्हावे, हे आपल्या गुराख्याला कुणी शिकवावे लागत नाही. कुठल्या कड्याला आग्या मोहोळ आहे आणि तिथे धूर किंवा आरडाओरडा करू नये, कुठले टाके मे महिन्यापर्यंत टिकते आणि कुठले होळीलाच आटते, हेही त्याला ठाऊक असते. ज्या शर्यतीचे आयोजक वाट आखण्यापूर्वी अशा माणसाला विचारतात, ती शर्यत शहाणी. आणि त्याला विचारताना त्याच्या वेळेचे मोल द्यावे, हेही ओघानेच आले.

आता शिक्षकबंधुभगिनींसाठी दोन शब्द. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथला एक मुलगा सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, कधी पळत जाई, कारण जायला वाहन नव्हते. हा अविनाश साबळे. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि तिथे अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत उतरला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले, आणि 2023 साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. सातारा जिल्ह्यातला माण तालुका दुष्काळी, खडकाळ माळाचा. तिथल्या मोही गावची ललिता बाबर याच शर्यतीत 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. दोघेही कमी पावसाच्या, दगडधोंड्यांच्या मुलखातले.

पण यातून भलताच अर्थ काढू नये. शाळेला रस्ता नसणे हा काही गुण नव्हे. मुलीला पाण्यासाठी टेकडी चढावी लागते, यात कौतुक करण्यासारखे काही नाही. रस्ता झाला पाहिजे, नळ आला पाहिजे. त्या कष्टांतून जे पायांत मुरले आहे ते मात्र वाया जाऊ नये, इतकेच म्हणणे आहे. शंभर मुले तशी पळत शाळेत येतात. त्यांतले पाय ओळखणारे कुणी तरी असावे लागते, आणि खेड्यात तो माणूस म्हणजे शिक्षक.

त्यासाठी पैसा लागत नाही. गावाजवळची एखादी टेकडी निवडावी. गावातल्या जाणत्या गुराख्याला किंवा धनगरबाबाला सोबत घेऊन आधी स्वतः फेरा चालून पाहावा. कडा कुठे, सावली कुठे, पाणी कुठे, मोहोळ कुठे, याचा कच्चा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. शाळेची प्रदक्षिणा थंडीत ठेवावी आणि ऊन चढायच्या आत संपवावी. निघताना मुले मोजावीत, माथ्यावर मोजावीत, परतल्यावर मोजावीत. सर्वांच्या पुढे एक मोठा माणूस असावा आणि सर्वांच्या मागेही एक असावा. हा मागचा माणूस अधिक महत्त्वाचा. प्रत्येकापाशी पाण्याची बाटली आणि प्रत्येक गटापाशी एक शिट्टी असावी. मुलींना काठावर उभे करून टाळ्या वाजवायला लावू नये, त्यांनाही धावू द्यावे. बारा-तेरा वर्षांची झाली की मुलीचे धावणे थांबते, ते तिच्या पायांमुळे थांबत नाही.

बक्षीस द्यायचे तर पहिल्या आलेल्याला जरूर द्यावे. पण आणखी एक बक्षीस ठेवावे: वाटेत कुणाचा पाय मुरगळला तेव्हा जो आपली धाव सोडून त्याच्यापाशी थांबला, त्याच्यासाठी. गान्सूच्या डोंगरातही काही धावपटू आपली शर्यत सोडून दुसऱ्यांच्या मदतीला थांबले होते. डोंगरावर ही गोष्ट वेगापेक्षा वरची मानावी.

शेवटी, ज्या कुणाला हा छंद लागेल त्याने एक हिशेब पक्का ठेवावा. सपाटीवरची शर्यत पहिला माणूस पोचला की निकालात निघते. डोंगराच्या फेऱ्यात मात्र शेवटचा माणूस सुखरूप पायथ्याला आला, म्हणजेच शर्यत संपली. तोपर्यंत कुणीही पायथा सोडू नये.